चपखलांच्या तुळईतलं सोनं

आमच्या वाचनालयाच्या मोठ्या दालनात छताखाली जी आडवी तुळई आहे, तिच्या डाव्या टोकात सोनं आहे, अशी कुजबुज एके काळी साऱ्या वस्तीत होती. सोनं म्हणजे बांगड्या. चपखलांच्या बायकोच्या. तुळई जिथे पोलादी खांबाला मिळते तिथे पुस्तकाएवढं एक लाकडी झाकण आहे. त्याच्यामागे त्या बांगड्या फडक्यात गुंडाळून ठेवल्यात, असं लोक एकमेकांच्या कानाला लागून सांगायचे आणि वर "माझं नाव सांगू नका" म्हणायचे. नाव सांगायचा प्रश्नच नव्हता. ऐकणाऱ्याने तीच बातमी सकाळीच दोघांना सांगितलेली असायची.

पुरावे म्हणाल तर दोन होते. एक, तुळई बसली त्याच सुमाराला वहिनींचे हात मोकळे दिसायला लागले. दुसरा, त्या झाकणाला चपखल कुणाला हात लावू देत नसत. वाचनालयातल्या शिपायाने झाडू उंच करून कोळिष्टक काढायला घेतलं, तर हा माणूस वर्तमानपत्र टाकून धावायचा, स्वतः शिडी लावायचा आणि स्वतःच्या रुमालाने झाकण पुसून खाली उतरायचा. बाकीच्या इमारतीवर बोटभर धूळ साचली तरी त्यांना सोयरसुतक नव्हतं. एवढ्यावर माणसं सोन्याचा संशय घेणार नाहीत तर कशाचा घेतील?

चपखल हे अर्थात त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव विजेच्या बिलावर असेल, ते कुणी वापरल्याचं मला आठवत नाही. धंद्याने सुतार. बोलणं कमी, आणि त्या कमी बोलण्यातही निम्मा वाटा "चपखल" या एका शब्दाचा. खिडकी चपखल, खुंटी चपखल, कुणाचा जोडा चांगला दिसला तर तोही चपखल. बायकोने डब्याला झाकण लावलं की हे उठून ते दाबून बघणार. त्यांनी केलेल्या कपाटाचा एक खण आत ढकलला की दुसरा आपोआप अर्धा बाहेर यायचा, कारण आतल्या हवेला जायला फटच नसायची. हा प्रयोग ते पाहुण्यांना करून दाखवत. पाहुणा चुकून "वा!" म्हणाला की पुन्हा दाखवत. त्यांच्या आणि माझ्या घरात एकच भिंत, त्यामुळे दर सुट्टीच्या दिवशी ती ठप्प-फुस्स ठप्प-फुस्स माझ्या कानांनी इमानेइतबारे सोसली आहे.

लोखंडावर त्यांचा दात होता. लाकडात लाकूड गुंतवून सांधा करावा, हा त्यांचा धर्म. "खिळा म्हणजे ज्याला सांधा जमत नाही त्याची सही," असं ते म्हणत. स्क्रूला ते खिळ्याचा शिकलेला भाऊ समजत. शिकलेला असला तरी घराणं तेच. घरात एक स्क्रू नव्हता. चष्म्याच्या दांड्यांना होते, पण त्याबद्दल विचारलं की ते चष्मा काढून पुसायला लागत आणि मग त्यांना समोरचा माणूस दिसत नसे.

आता अशा माणसाच्या लेकीने सासर कुठलं पाहावं? ठिणगींचं!

ठिणगी म्हणजे आमच्याकडचे फॅब्रिकेशनवाले. फाटकं, जिने, पत्र्याच्या शेड, जे सांगाल ते वेल्डिंग करून द्यायचे. बोलायला लागले की समोरच्याने डोळ्यांवर काच धरावी, इतकं उडायचं. त्यांचंही एक पालुपद होतं, "थोडं खेळतं ठेवायचं." फाटक थोडं खेळतं, कडी थोडी खेळती, दिलेली तारीख तर फारच खेळती. पोरांनी आपसात जमवलेलंच होतं, वडीलधाऱ्यांनी फक्त चहा प्यायचा बाकी होता. त्या चहाला ठिणगी आले, हात धुवायला मोरीत गेले, आणि तिथेच राहिले.

हवा दमट होती. दार फुगलं होतं. चपखलांचं दार, चौकटीत केसभर जागा नाही. ते बसलं ते बसलंच.

"जरा वर उचलून ओढा," चपखल बाहेरून म्हणाले.

"काय उचलू? दार का चौकट का घर?" आतून आवाज आला.

"दाराला दोष देऊ नका. हवा दमट आहे."

"अहो, दार आहे का औषधाच्या बाटलीचं बूच? थोडी फट ठेवत चला हो!"

"फट?" चपखलांचा आवाज असा झाला की जणू कुणी त्यांच्या आईवरून बोललं. "माझ्या दाराला फट?"

हातोडी आणायला कुणीतरी सुचवलं. चपखलांनी दारासमोर उभं राहून दोन्ही हात पसरले. शेवटी ठिणगी खिडकीतून बाहेर आले, शर्टाची एक बाही आत ठेवून. बैठकीत येऊन त्यांनी चहा घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "मुलगी पसंत आहे. दार नाही."

लग्न झालं आणि दोघे व्याही झाले. व्याही झाल्यावर माणसं एकमेकांशी कशी वागतात ते तुम्हाला सांगायला नको. तोंडावर "आपण", "आपला", "आपल्यासारखे". पाठ फिरली की चपखल बायकोला म्हणत, "ठिगळं लावतो तो माणूस." आणि ठिणगी मला म्हणत, "त्यांच्या कपाटात झुरळ शिरलं तर गुदमरून मरेल हो." तोंडावर मात्र एकाने दुसऱ्याच्या कामात कधी खोट काढली नाही. पोरीचं सासर, पोराची सासुरवाडी. त्या आदबीपायी पुढे काय झालं तेच सांगतो.

जुनं वाचनालय गळायला लागलं होतं. पुस्तकांना बुरशी आणि सभासदांना खोकला. नव्यासाठी जागा मिळाली ती एक बुजवलेलं तळं. कुदळ मारली की चिखल हसायचा. समितीत एक सिमेंटशेठ होते. त्यांचं सिमेंटचं दुकान होतं आणि इमारत सिमेंटचीच व्हावी असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. या दोन गोष्टींत कुणाला काही संबंध दिसला तर तो बघणाऱ्याचा स्वभाव. पण आराखडा करणाऱ्या ज्या बाई आल्या, आम्ही त्यांना नकाशाबाई म्हणायचो, त्यांनी सांगितलं की या भुसभुशीत जमिनीवर एवढं वजन ठेवलं तर तळमजला लवकरच तळघर होईल.

त्यांनी वेगळंच काढलं. पाया तेवढा सिमेंटचा, तोही बेताचा. त्यावर पोलादाचे बारीक खांब, एका पाडलेल्या गोदामातून नटबोल्ट खोलून आणलेले. खांबांवर लाकडाच्या तुळया आणि त्यांवर वरच्या मजल्याची लाकडाचीच तक्तपोशी, तीही मुद्दाम लावून वाढवलेल्या झाडांची, जिथे एक तोडलं की दुसरं लावतात. लाकूड वजनाला हलकं, पोलाद ताकदीला भारी, भट्ट्यांचा धूर कमी. आणि उद्या जागा बदलायची झाली तर आख्खी इमारत पान्याने खोलून दुसरीकडे उभी करता येईल.

"मग चोरीला गेली तर?" एका सदस्याने विचारलं. यावर समितीत बराच वेळ गंभीर चर्चा झाली.

शेवटी हात वर झाले आणि बाईंचा आराखडा निसटत्या मतांनी पास झाला. पृथ्वीचं भलं व्हावं म्हणून कुणी हात वर केला असेल, असं मला वाटत नाही. सिमेंटशेठचं तोंड बघायला मिळेल म्हणून बरेच हात वर गेले. पृथ्वीला काय, भलं झाल्याशी कारण.

लाकूडकाम चपखलांकडे, पोलादाचं ठिणगींकडे. चपखल आधी नाहीच म्हणाले. लोखंडाच्या पंगतीला मी बसणार नाही, वगैरे. बाई हुशार. म्हणाल्या, "तुळईच्या टोकात उभी खाच घ्यायची आहे. तिच्यात पोलादी पट्टी अशी सरकली पाहिजे की कागद जाऊ नये. त्यावर लाकडी झाकण येईल, आग लागली तर पोलाद तापू नये म्हणून. बाहेरून लोखंड दिसणारच नाही. फक्त एवढं चपखल काम करणारा कुणी मिळेल का, याची शंका आहे." झालं! मासा गळाला लागला.

कामावर त्या दोघांना बघणं म्हणजे फुकटचं नाटक होतं. क्रेनला तुळई लटकलेली, आणि खाली हे दोघे.

"आपण आधी बोल्ट घाला."

"छे छे, लाकूड आपलं. आपण आधी टेकवा."

"असं कसं? खांब आपला. मान आपला."

वरून क्रेनवाला ओरडला, "कुणीतरी घ्या, नाहीतर मी घरी नेतो!"

मोठ्या दालनाची तुळई सगळ्यांत रुंद, दोन माणसांनी मिठी मारावी एवढी. तिच्या पट्टीला बोल्टच्या दोन ओळी होत्या. वरच्या ओळीची भोकं गोल आणि खालच्या ओळीची उभट, लांबोडकी. हे का, ते बाईंनी सगळ्यांना बसवून समजावलं होतं. लाकूड जसं वाळतं तसं जाडीत आक्रसतं, पोलाद आक्रसत नाही. म्हणून खालच्या बोल्टना वर सरकायला वाव ठेवायचा, नाहीतर लाकूड मधोमध फाटेल. सोपी गोष्ट. त्या वेळी चपखल टेबलाखाली होते. सभेच्या टेबलाचे सांधे कुणी केलेत ते बघायला वाकले होते, ते सभा संपल्यावर वर आले आणि म्हणाले, "खिळे मारलेत."

त्यामुळे ठिणगींच्या शेडमधून पट्टी आली तेव्हा चपखलांनी ती उजेडात धरली आणि एकेका भोकात बोल्ट घालून हलवून पाहिला. त्या दिवशी घरी जेवताना काय बोलणं झालं ते वहिनींनी मला पुढे शब्दन् शब्द सांगितलं.

"त्यांचं ड्रिल घसरलंय गं. खालची सगळी भोकं लांबट झालीत. बोल्ट आत डुगडुगतोय."

"मग सांगा की त्यांना."

"सांगू? पोरीच्या सासऱ्याला? भर साइटवर?"

"मग पोरीला सांगा. ती त्यांच्याच शेडमध्ये काम करते."

"म्हणजे तिने घरी जाऊन सांगायचं की माझे बाबा तुमच्या चुका काढतात? तिला तिथे नांदायचंय."

"मग काय करणार आहात?"

"झाकणार."

"काय?"

"त्यांची अब्रू."

आणि दुसऱ्या दिवशी या थोर माणसाने दगडासारख्या कठीण लाकडाच्या छोट्या छोट्या पाचरी तासल्या, आणि पट्टी जमिनीवर होती तेव्हाच त्या प्रत्येक लांबट भोकात ठोकून बसवल्या, वरून आणि खालून. आता बोल्ट जागचा हलणार नाही. चपखल! मग पट्टी खाचेत गेली, बोल्ट आवळले गेले, वर झाकण लागलं. चपखल त्या संध्याकाळी असे घरी आले की जणू अन्नछत्र उघडून आलेत. कुणालाही न कळता केलेलं पुण्य. चेहऱ्यावर मात्र सगळ्यांना दिसत होतं.

छप्पर झालं, तक्तपोशी झाली. बाहेर हवा कोरडी पडत गेली. दालनात पुस्तकं ठेवायचे लाकडी घोडे बसवायचं काम चालू होतं. चपखल एका घोड्याची कड तासत बसले होते, सिमेंटशेठ रोजच्यासारखे "सहज" डोकावले होते, आणि भर दुपारी वरून आवाज आला, काड्ड! कुणी वाळकं लाकूड गुडघ्यावर मोडावं तसा, पण फार मोठ्या गुडघ्यावर.

दोघांनी वर पाहिलं. मोठ्या तुळईच्या डाव्या टोकाला, झाकणापासून निघालेली एक बारीक आडवी चीर, हातभर लांब.

सिमेंटशेठच्या चेहऱ्यावर जे पसरलं त्याला आनंद म्हणणं बरं नाही, पण दुसरा शब्द मला सापडत नाही. "मी म्हटलं होतं," ते म्हणाले. "लाकूड ते लाकूड. रविवारी समितीला आणतो. बघू द्या सगळ्यांना. तुळई मोडली असेल तर हे सगळं उतरवायचं आणि खांब सिमेंटचे भरायचे." जाता जाता चपखलांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमचा दोष नाही हो. वय होतं माणसाचं."

तो हात चपखलांना तुळईपेक्षा जड गेला. इमारत गेली तर नकाशाबाईंचं नाव जाणार, व्याह्यांचं काम जाणार, त्यात लेकीचं घर. आणि आपण? ज्याच्या सांध्यात सुई शिरत नाही असं लोक म्हणतात, त्याची तुळई फाटली. त्यांनी लाकूड ठोकून पाहिलं, वास घेऊन पाहिलं, रेषा पाहिल्या. लाकूड निर्दोष होतं. तेव्हा उरलं लोखंड. ते रंधा हातात तसाच घेऊन ठिणगींच्या शेडकडे निघाले.

शेडमध्ये ठिणगी फाटकाची कड घासत होते. लेक टेबलाशी नकाशा पसरून पट्ट्यांवर खडूने भोकं आखत होती. तुळईची बातमी त्यांच्या आधी पोचली होती. आमच्याकडे बातमीला फट लागत नाही.

"बसा व्याही," ठिणगी म्हणाले. "आपण कशाला त्रास घेतला?"

"नाही, आपल्याला भेटावं म्हटलं."

"चहा?"

"आपण घेणार असाल तर."

"आपण आधी."

"थांबा दोघं!" लेक म्हणाली. "बाबा, मला एक सांगा. खालच्या बोल्टना मी वाव ठेवला होता. भोकं मुद्दाम लांब आखली होती. मग लाकूड फाटलं कसं?"

चपखलांच्या हातातला रंधा खाली आला. "तू आखली होतीस?"

"मग कोण? इथे सगळं आखायचं काम माझंच. नकाशात तसंच होतं."

"म्हणजे ड्रिल घसरलं नव्हतं?"

"कुठलं ड्रिल?"

चपखलांनी रंधा टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "मी भरली ती."

"काय भरलं?"

"फट."

लेकीने दोन्ही हात कमरेवर ठेवले, हुबेहूब वहिनींसारखे. तेवढ्यात तिचं लक्ष सासऱ्यांकडे गेलं. ते छताकडे बघत होते.

"मामंजी, वर काय बघताय?"

"काही नाही. पत्रा बघतोय."

"तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत असं नाही…" ठिणगी, ज्यांचं तोंड कधी बंद नसे, ते शब्द शोधायला लागले. "मी तिथून चाललो होतो. हे पाचरी ठोकत होते. मला वाटलं, सुतारकामातलं काही शास्त्र असेल."

"मग विचारायचं!"

"विचारू? व्याह्यांना? भर साइटवर?"

लेक मटकन खुर्चीवर बसली. "म्हणजे यांनी तुमची चूक समजून झाकली, तुम्ही यांची चूक बघून झाकली. मुळात चूक कुणाचीच नव्हती! तुमच्या आदबीने तुळई फाडली. धन्य आहेत दोन्ही घरं, आणि धन्य मी, दोन्हीकडची!"

तिने फोन उचलला. चपखल पुढे झाले. "बाईंना नको सांगू. आम्ही दोघं गुपचूप बघतो."

"बाबा, ते छत बाईंच्या सहीवर उभं आहे. तुमच्या गुपचुपीवर नाही. खाली माणसं बसणार आहेत."

बाई त्याच दिवशी आल्या. शिडीवर चढल्या, झाकण काढलं, बॅटरीने आत पाहिलं. खाली उतरून म्हणाल्या, "लाकूड ठीक आहे. पोलाद ठीक आहे. आतल्या पाचरी कुणाच्या?" चपखलांनी शाळेतल्यासारखं बोट वर केलं. बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं, असं चपखल नंतर वहिनींना म्हणाले. बाईंनी फक्त विचारलं, "आणि आणखी कुठे?" "इथेच. या टोकाला लांबट, त्या टोकाला गोल होती." "हो. त्या टोकाला बोल्टची एकच ओळ आहे, म्हणून." चपखलांनी मान डोलावली. वर्गात उशिरा आलेल्याने डोलवावी तशी.

तुळईखाली टेकू लावून भार घेतला. खालचे बोल्ट काढले. आतल्या पाचरी काढायला ठिणगींनी तिथल्या तिथे एक सळई वाकवून आकडा करून दिला, आणि चपखल बोल्टच्या भोकातून एकेक पाचर उपसायला लागले. इतक्या घट्ट बसवल्या होत्या की स्वतःच्या कामाला त्यांनी मनातल्या मनात शिव्या दिल्या असतील, आणि थोडी शाबासकीही. मग आला खरा क्षण. चीर शिवायची म्हणजे खालून वर लांबलचक स्क्रू पिळायचे, असं बाईंनी सांगितलं. लाकडाचं काम. म्हणजे कुणी करायचं?

चपखलांनी स्क्रू हातात घेतला. मेलेली पाल शेपटीला धरावी तसा.

"पिळा व्याही," ठिणगी खालून म्हणाले. त्यांची वाचा परत आली होती. "आणखी थोडा. आणखी. वा! काय बसलाय. चपखल!"

दुसरा स्क्रू. "चपखल!"

तिसरा. "अहो, चप…"

"मामंजी," लेक म्हणाली, "तुम्ही पत्रा बघा."

रविवारी समिती आली. बाईंनी सरळ सांगितलं की या टोकाचे बोल्ट अडकले होते, त्यामुळे चीर गेली, माझ्या देखरेखीखाली दुरुस्ती झाली आहे, आणि आता वरच्या मजल्यावर भार ठेवून तुमच्यासमोर परीक्षा घेणार. भार कशाचा ठेवायचा? जवळपास जड असं काय आहे? सगळ्यांच्या माना एकदम सिमेंटशेठकडे वळल्या.

शेठ उत्साहाने तयार झाले. दुकानातली गोणी न् गोणी हातगाड्यांवरून आली. शेठच्या हमालांनी ती वर वाहून तुळईच्या बरोबर डोक्यावर रचली. शेठ जातीने सांगत होते, "अजून आणा. कंजुषी नको." मग ते दारात जाऊन उभे राहिले, एक पाय बाहेर ठेवून. बाकीचे भिंतीला चिकटून वर बघत होते. चपखल मात्र तुळईच्या बरोबर खाली जाऊन उभे राहिले. वहिनींनी हाक मारली, लेकीने हाक मारली, ते हलले नाहीत. तेव्हा ठिणगी "आपण एकटे कसे?" म्हणत त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. आदबीचं हे दुखणं मरेपर्यंत जात नाही.

तुळई हूं की चूं करीना. बाईंनी दोरा ताणून वाक मोजला आणि मान हलवली. सर्वांचा चहा झाला. चीर होती तेवढीच होती. शेठना आपल्या गोण्या पुन्हा खाली उतरवून घ्याव्या लागल्या. त्या इमारतीच्या कामी पाया सोडला तर सिमेंटचा एवढाच हातभार लागला.

शेठचं समाधान कसं व्हावं? ते तुळईकडे बोट दाखवून म्हणाले, "ते झाकण काढा. आत काय घोळ घातलाय, बघू द्या सगळ्यांना."

"काढा की," बाई म्हणाल्या. त्यांना काही लपवायचं नव्हतं.

चपखल शिडीला पाठ लावून उभे राहिले. मोरीच्या दारासमोर उभे राहिले होते अगदी तसे, दोन्ही हात पसरून. "नाही."

"का नाही?"

"नाही म्हणजे नाही."

"अहो, एवढं काय आहे आत? सोनं आहे का?" शेठ हसले, समिती हसली.

चपखलांनी वर झाकणाकडे पाहिलं. आयुष्यात त्यांनी कधी खोटं बोलल्याचं कुणाला ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, "असेल."

ठिणगींनी पुन्हा पत्र्याकडे पाहायचा प्रयत्न केला, पण तिथे पत्रा नव्हता, म्हणून तक्तपोशीकडे पाहिलं. ज्या माणसाला शेजारच्याच्या चहात साखर किती हेही पोटात ठेवता येत नसे, त्याने ही एक गोष्ट कुणाला सांगितली नाही. मी दहा तऱ्हांनी खोदून पाहिलं. म्हणाले, "काका, व्याह्यांची गोष्ट आहे." शेवटी मला ती लेकीकडून आणि वहिनींकडून जुळवून घ्यावी लागली, आणि दोन्ही व्याही हत्यारं खाली ठेवून घरी बसल्यावरच, आज ती इथे उघडी करतोय.

दर वर्षी बोल्ट आवळायला लेकच शिडीवर चढते. झाकण निघतं तेवढा वेळ चपखल खाली शिडी धरून उभे असतात आणि वर कोण बघतंय ते बघत असतात. मोरीचं दार मात्र आता सहज उघडतं. वहिनी म्हणतात, एक दिवस त्या बाजारातून आल्या तर दाराखाली भुसा पडला होता. विचारलं तर चपखल म्हणाले, वाळवी असेल.

तर आता काय ते सांगून टाकतो. तुळईत सोनं नाही. वहिनींची मनगटं सुजायला लागली होती, म्हणून त्यांनी साबण लावून बांगड्या काढल्या आणि कपाटाच्या खालच्या खणात ठेवल्या. अजून तिथेच आहेत. झाकणामागे एक पोलादी पट्टी आहे, तिच्यात उभट भोकं आहेत आणि त्यांत बोल्ट आहेत. त्यांतल्या एका भोकात चपखलांच्या पाचरीचा एक तुकडा आहे. ती ओढताना तुटली आणि निघाली नाही. बाईंनी बघितलं, बोल्टला हलायला पुरेशी जागा उरली होती, म्हणून तुकडा तसाच ठेवला.